श्रोणीभंगानंतरचे जीवन : शस्त्रक्रियेच्या पुढील विचार

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. भरलेल्या ट्रॉलीवरून पडणे, ट्रॅक्टर उलटणे किंवा वाहनाची धडक बसणे यांमुळे कमरेची हाडे मोडण्याचा धोका या कष्टकऱ्यांना असतो. जीव वाचला आणि हाडे जुळली की उपचार संपले, असा समज आहे. वस्तुतः कुटुंबाची कसोटी त्यानंतरच सुरू होते.

श्रोणी म्हणजे दोन्ही बाजूंची कटिअस्थी व मागील त्रिकास्थी मिळून झालेले हाडांचे कडे. धडाचा भार येथूनच पायांकडे जातो. मोठ्या रक्तवाहिन्या, मूत्राशय व पायांचे मज्जातंतू याच कड्यालगत असतात. म्हणून जखमीस उठवून बसवू नये, कुशीवर वळवू नये. 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी.

यश कशाने मोजावे?

क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसले, तरी रुग्ण पूर्ववत झाला असे नव्हे. मजीद यांनी 1989 मध्ये मांडलेल्या मापनात 100 गुणांपैकी उभे राहणे व चालणे यांस 36, वेदनेस 30, कामास 20, बसण्यास 10 व लैंगिक जीवनास 4 गुण आहेत. आपल्याकडे आवश्यक असणारे उकिडवे बसणे, मांडी घालणे व ओझे उचलणे यांची त्यात स्वतंत्र नोंद नाही. काही रुग्णांना पायातील बधिरता, लघवीच्या तक्रारी किंवा खिन्नता दीर्घकाळ जाणवते. संकोचामुळे या गोष्टी डॉक्टरांना सांगितल्या जात नाहीत.

ऊसतोडीत पतिपत्नींची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एक जण जायबंदी झाला की कोयता मोडतो. घेतलेली उचल मात्र डोक्यावर राहते.

गावाचे कर्तव्य

डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज पायावर भार देऊ नये. पण सांगितलेले व्यायाम मात्र नियमित करावेत. खुर्चीसारखी बैठक असलेला संडास व भिंतीस आधाराचा दांडा या अल्प खर्चाच्या सोयी आहेत. कायमचे व्यंग राहिल्यास दिव्यांग प्रमाणपत्र मिळवून द्यावे; 2016 च्या कायद्यातील अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे. ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठीचा राखीव निधी अशा कामी लावावा. शिक्षकांनी त्या घरातील मुलांची शाळा सुटणार नाही याकडे लक्ष द्यावे.

शल्यचिकित्सक हाड जोडतो; माणसाला पुन्हा उभे करण्याचे काम गावाला करावयाचे आहे.