मुंबई महापालिकेची १९०७ सालची निवडणूक

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई महापालिकेचे एकूण ७२ सभासद असत. १८८८ च्या कायद्यानुसार त्यांपैकी ३६ करदात्यांनी, १६ ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मानकऱ्यांनी, दोन विद्यापीठाने व दोन चेंबर ऑफ कॉमर्सने निवडावयाचे आणि उरलेले १६ सरकारने नेमावयाचे, अशी व्यवस्था होती. मताधिकार सधनांपुरता मर्यादित होता. चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला त्यात स्थान नव्हते. तरीही त्या काळच्या हिंदुस्थानात एवढी स्वायत्तता अन्यत्र क्वचितच आढळे.

या सभागृहावर सर फिरोजशहा मेहता यांचे दीर्घकाळ प्रभुत्व होते. कायदा घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अंमलबजावणी एका आयुक्ताच्या हाती, परंतु तिजोरीची किल्ली महापालिकेकडे, असे त्या कायद्याचे स्वरूप होते. ही किल्ली गोऱ्या अधिकाऱ्यांना खुपू लागली. मेहतांची हुकमत असह्य होते, ही तक्रार काही हिंदी सभासदही करीत, आणि ती अगदीच निराधार नव्हती. अकाउंटंट जनरल हॅरिसन यांनी पुढाकार घेतला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांची त्यांना साथ लाभली. जस्टिसांच्या १६ जागांसाठी १६ नावांची यादी सिद्ध झाली. मेहतांना दूर ठेवणे हा तिचा उघड हेतू होता. हा गट ‘कॉकस’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

मतदारसंघ मोठ्या हिकमतीने निवडला होता. जस्टिसांची नेमणूक सरकारच करी. तेव्हा वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे केलेली यादी म्हणजे नुसती विनंती नव्हे, हे मतदार जाणून होते. शिवाय मते विखुरली नाहीत तर सर्वच्या सर्व जागा एका गटाला जिंकता येत. तसेच घडले. यादीतील सोळाही जण निवडून आले आणि ज्याने या संस्थेला आकार दिला, तो पुरुष सतराव्या क्रमांकावर राहिला!

परंतु निवडून आलेल्यांपैकी एकाचा महापालिकेच्या कंत्राटाशी संबंध असल्याचे निष्पन्न होऊन त्याची निवड रद्द झाली. रिकामी जागा क्रमाने मेहतांकडेच आली.

वृत्तपत्राचे बळ हाताशी नसले तर काय होते, हे मेहतांनी या प्रसंगात अनुभवले होते. १९१३ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ सुरू केले. जस्टिसांचा स्वतंत्र मतदारसंघ मात्र १९२२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून राहिला.