घरपट्टीत मानसिक आरोग्याचा वाटा

प्रश्न : माझी मुलगी शिकागोजवळच्या उपनगरात राहते. तिच्या घराच्या मालमत्ता कराच्या बिलात मानसिक आरोग्यासाठी वेगळी रक्कम लावलेली दिसली. घरपट्टीचा आणि मनोविकारांचा काय संबंध? आपल्याकडे असे होऊ शकेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ती रक्कम बहुधा तिथल्या ‘७०८ बोर्डा’ची असावी. इलिनॉय राज्याने १९६३ मध्ये एक कायदा केला. विधेयकाचा क्रमांक ७०८, तेच नाव पुढे या मंडळांना पडले. लोकांनी सार्वमतात होकार दिला, तर काउंटी, टाउनशिप किंवा गावाला मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर जास्तीत जास्त ०.१५ टक्के कर या कामासाठी लावता येतो. पैसा मानसिक आजार, व्यसनमुक्ती आणि बौद्धिक अपंगत्व यांवरच्या सेवांनाच जातो. कोणत्या संस्थेला किती द्यायचे, हे स्थानिक मंडळ ठरवते.

याची गरज का पडली? १९५५ साली अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसे होती. नवी औषधे आली आणि १९६३ मध्येच अध्यक्ष केनेडी यांनी वस्तीजवळच्या उपचार केंद्रांच्या कायद्यावर सही केली. रुग्णालये रिकामी होत गेली, पण तिथे वाचलेला पैसा रुग्णांच्या मागोमाग वस्तीत आला नाही. कित्येक रुग्ण रस्त्यावर आले, कित्येक तुरुंगात गेले.

शिकागोचेच बघा. २०१२ मध्ये महापालिकेने आपल्या बारा मानसिक आरोग्य केंद्रांपैकी सहा बंद केली. त्याच वर्षी शहराच्या उत्तर भागातल्या काही वस्त्यांनी मतदान करून स्वतःवर जादा कर लावून घेतला. हजार डॉलर मालमत्ता कर भरणाऱ्यामागे वर्षाला सुमारे चार डॉलर. त्यातून २०१४ मध्ये केड्झी अव्हेन्यूवर केंद्र उघडले. त्या भागातला रहिवासी असणे एवढीच अट, पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. मला हे फार मोलाचे वाटते. आपल्या घरात कुणी आजारी नसतानाही माणसांनी शेजाऱ्यासाठी मत दिले.

डेन्व्हरने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली : शंभर डॉलरच्या खरेदीवर पंचवीस सेंट विक्रीकर. या निधीच्या मदतीने २०२० मध्ये तिथे एक गाडी सुरू झाली. रस्त्यावर कुणी भान हरपून ओरडतोय असा ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन आला आणि मारामारीचा धोका नसला, तर पोलिसांऐवजी एक मानसोपचार कार्यकर्ता आणि एक पॅरामेडिक तिथे पोचतात.

घरपट्टीतून घेतलेल्या अशा करात एक मोठा दोष आहेच. महागड्या घरांच्या वस्तीत थोड्या करातही भरपूर पैसा जमतो. गरीब वस्तीत गरज जास्त आणि जमा कमी. म्हणून असा कर सरकारी खर्चाच्या जोडीला हवा, त्याच्या जागी नको.

आपल्याकडे मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर असतात. मनासाठी काही नसते. नवा कर लावा, असे मी म्हणणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे आणि ती जबाबदारी सरकारची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही त्यासाठीच आहे. पण स्थानिक पैसा आजही आहे. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळ्यांनी दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखायचा असतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत मानसिक आजारही येतो. या निधीचे नाव निघाले की तीनचाकी सायकल आणि कुबड्या आठवतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला घेऊन दर महिन्याला जिल्हा रुग्णालयाची एसटी पकडणारी आई कुणाला आठवत नाही.

पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत एवढेच विचारा : या पाच टक्क्यांतून मानसिक आजार असलेल्यांसाठी गेल्या वर्षी किती खर्च झाला? उत्तर लेखी मागा. आणि घरात आज कुणाला मदत हवी असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.