गोळी पायाची, दुखणं मनाचं

आमच्या एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर मोखाडा तालुक्यात सूर्यमाळला होतं. थंडी कडाक्याची. वनराई बंधाऱ्यासाठी गोण्या भरून रचताना आमच्या एका मित्राचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या. तिसऱ्या रात्री शेकोटीपाशी तो म्हणाला, "पायाचं सोड रे, या गोळीने डोकंपण शांत होतं." आम्ही हसलो.

त्याला आधीच्या सेमला तीन केट्या लागल्या होत्या. दिवाळीपासून तो नीट झोपत नव्हता, मेसला येणंही बंद झालं होतं. हे सगळं आम्हाला दिसत होतं, पण त्या वाक्याशी त्याचा संबंध कुणीच जोडला नाही. हॉस्टेलवर परतल्यावर पाय बरा झाला, गोळ्या मात्र चालूच राहिल्या. जुन्या चिठ्ठीवर कुठून तरी मिळत गेल्या. एकाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. पी.एल.मध्ये एका रात्री त्याला फिट आली, तेव्हा आम्हाला कळलं. आज तो बरा आहे. "नाव नको, पण लिही," असं त्यानेच सांगितलं, म्हणून हा लेख.

गोळीने बरं का वाटतं?

मित्रांनो, तो खोटं बोलत नव्हता. अफूपासून मिळणारी मॉर्फिन आणि कोडीन, किंवा कारखान्यात तयार होणारी ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल ही सगळी 'ओपिऑइड' औषधं. आपल्या शरीरातही एंडॉर्फिन नावाची तशीच द्रव्यं तयार होतात. ती मेंदूतल्या ज्या ठिकाणी जाऊन बसतात, तिथेच ही औषधं बसतात. त्यामुळे कळ कमी होते आणि मनालाही हलकं वाटतं. ट्रॅमाडॉल त्याशिवाय सिरोटोनिन आणि नॉरएड्रिनॅलिन ही द्रव्यंही वाढवतं. नैराश्यावरची बरीच औषधं याच द्रव्यांवर काम करतात.

फसगत इथेच होते. नैराश्याच्या खऱ्या औषधाचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. ट्रॅमाडॉल तासाभरात 'बरं' करतं. सबमिशन डोक्यावर असलेला मुलगा काय निवडेल?

मग बिघडतं कुठे?

कंट्रोल सिस्टीमचा पेपर आठवा. बाहेरून सतत जादा इनपुट मिळालं की फीडबॅक असलेली यंत्रणा आपलं उत्तर कमी करते. मेंदूही तेच करतो. औषधाला प्रतिसाद देणारी ठिकाणं मंदावतात. मग कालच्या डोसने आज काही वाटत नाही, आणि डोस वाढतो. गोळी चुकली की यंत्रणा उलट्या बाजूला फेकली जाते. घाम, अंगदुखी, जुलाब, बेचैनी, झोप नाही आणि पूर्वीपेक्षा गडद उदासी. माणसाला वाटतं आजार वाढला, आणि तो आणखी एक गोळी घेतो. अमेरिकेत रुग्णांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की या गोळ्या जितक्या जास्त दिवस घेतल्या तितकी नव्याने नैराश्य येण्याची शक्यता वाढली. म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी घ्यायची, तेच दुखणं ती आणून देते.

इतर धोकेही आहेत. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते. नैराश्याच्या औषधांबरोबर ते घेतलं तर सिरोटोनिन बेसुमार वाढून ताप, थरथर, गोंधळ, प्रसंगी मृत्यू. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतलं तर श्वास मंदावत थांबू शकतो. जोडगोळीतलं पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हर जातं. आणि निराश माणसाच्या उशाशी अशा गोळ्यांचा साठा असणं हाच एक मोठा धोका आहे.

हे नवीन नाही

मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देत. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. मूल दिवसभर झोपायचं, रडणं थांबायचं. भूक मात्र तशीच राहायची. आपल्या मित्राचं दुसरं काय झालं?

एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर उदासीवर अफूच देत. १९५० च्या दशकात नैराश्याची खास औषधं आली आणि तो मार्ग मागे पडला. अलीकडे अमेरिकेत ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड दुसऱ्या एका औषधाबरोबर नैराश्यासाठी देण्याचा प्रयत्न झाला. २०१८ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने २१ विरुद्ध २ मतांनी विरोध केला, आणि २०१९ मध्ये परवानगी नाकारली गेली. मोठमोठ्या चाचण्या करून जे सिद्ध झालं नाही, ते आपण रूमवर कसं करणार?

आणि हे सगळं लांबचं आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या तपासातून उघड झालं, की आपल्याच पालघर जिल्ह्यात कारखाना असलेली एव्हिओ ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या एकत्र गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टकडे पाठवत होती. तिथली तरुण पोरं त्या नशेसाठी खात होती. त्यानंतर केंद्र सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी काढून घेतली. ट्रॅमाडॉल तर एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

मग करायचं काय?

ऑपरेशननंतर किंवा कॅन्सरच्या वेदनेत ही औषधं वरदानच आहेत. डॉक्टरांनी दिली तर घाबरू नका. पण उरलेली गोळी ठेवू नका, मित्राला देऊ नका. मनाची औषधं चालू असतील तर वेदनाशामक घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. सवय लागलीच असेल, तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हेच काम करतं. व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत. रेक्टर सरांचं दारही आहेच. आमच्या मित्राला त्या रात्री त्यांनीच गाडीत घातलं होतं.

त्याचं नैराश्याचं औषध पाचव्या आठवड्यात लागू पडलं. दोन केट्या सुटल्या, एक बाकी आहे. यंदाच्या शिबिरालाही तो येणार आहे.

तुमच्या शेजारच्या रूममधला कुणी म्हणाला, "या गोळीने डोकं शांत होतं," तर आमच्यासारखे हसू नका. जवळ बसा आणि विचारा, "डोक्यात एवढं चाललंय तरी काय?"