बिघाडातला सूर

गिटारचा सूर मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पेटीला ‘फझ पेडल’ म्हणतात. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु तयार पेडल परवडणारे नव्हते म्हणून मी ते घरी जुळवले, आणि त्यातून दोष शोधण्याची एक रीत हाती लागली. तीच येथे मांडत आहे.

या आवाजाचा उगमच एका बिघाडात आहे. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रण होताना यंत्रातील दोषामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा सूर फाटला, आणि तो तसाच ठेवला गेला. १९६२ साली गिब्सन कंपनीने ‘मेस्ट्रो’ या नावाने असा आवाज काढणारी पेटी विक्रीस आणली. पुढे १९६६ साली लंडनमध्ये ‘फझ फेस’ निघाले. त्यात ट्रान्झिस्टर अवघे दोन. म्हणून मी तेच सर्किट निवडले.

त्याचे कार्य सोपे आहे. दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून गिटारचा क्षीण संकेत इतका वाढवतात की ९ व्होल्टच्या बॅटरीत तो मावत नाही. लाटेचा माथा व तळ छाटला जातो आणि गोल लाट चौकोनी होते. तीच खरखर.

मूळ पेटीत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. मी सहज मिळणारे सिलिकॉनचे बीसी ५४७ वापरले. आवाज आला, पण मनासारखा नव्हता. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शंका विचारायला घरी कोणी नाही. तेव्हा मीटरलाच विचारायचे ठरवले.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सुमारे ४.५ व्होल्ट हवेत. मला ३ च मिळाले. एमिटरवर ०.७ व्होल्ट होते आणि तेथील रोध १ किलोओहम. म्हणजे प्रवाह ०.७ मिलिअँपिअर. कलेक्टरकडील रोध ८.२ किलोओहम अधिक ४७० ओहम. गुणाकार केला तर ६ व्होल्ट तेथेच खर्च होतात, उरतात ३! ८.२ च्या जागी १० किलोओहमचा प्रीसेट बसवून तो सुमारे ६ वर आणला, तेव्हा काटा ४.५ वर स्थिरावला आणि सूर भरदार झाला.

करून पाहणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा. प्रथम बॅटरी व अर्थची जोडणी तपासावी. मग ट्रान्झिस्टरच्या पायांवरील व्होल्ट मोजावेत. कलेक्टरवर पूर्ण ९ व्होल्ट दिसले, तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाहच वाहत नाही; पाय उलटे आहेत किंवा सोल्डर कच्चे आहे, असे समजावे. सर्व आकडे बरोबर असूनही पेटी मुकी असेल, तर कपॅसिटर, जॅक व स्विच पाहावेत. अंदाजाने सुटे भाग बदलत बसू नये. मीटर साधा असला तरी चालतो. आकडे मात्र वहीत लिहून ठेवावेत.