चंद्रावर कणप्रयोग : खर्च किती, सुरुवात कुठून?

चंद्रावर हवा नाही, म्हणून वैश्विक किरण तिथे थेट जमिनीवर आदळतात. आपल्याकडे ते हवेच्या थरांत अडतात आणि त्यातून जन्मलेले म्युऑन नावाचे कण खाली पोचतात. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या विद्यार्थ्यालाही या अभ्यासाची वाट धरता येते. पैसा कोणत्या पायरीवर घालायचा, ते आधी ठरवा.

क्लाउड चेंबर : दोनेक हजार रुपये बाजूला ठेवा
कणांच्या वाटा धूसर रेषांत दाखवणाऱ्या या पेटीसाठी काचेचे भांडे, धातूचा पत्रा, काळा कागद, फेल्ट आणि टॉर्च जवळपासच्या दुकानांत मिळतात. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिकलवाल्याकडून घ्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असते. ड्राय आइस लवकर उडून जातो, म्हणून प्रयोगाच्या दिवशीच आणा. त्याचे तापमान उणे 78 अंश असते : जाड हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, ज्योत दूर ठेवा आणि तो घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही भरू नका.

म्युऑन मोजणी : प्रत्येक यंत्राला सुमारे 100 डॉलर
हा आकडा एमआयटीतल्या ‘कॉस्मिकवॉच’ आराखड्याचा आहे. कण आदळला की चमकणारा सिंटिलेटर आणि प्रकाशसंवेदक परदेशातून मागवावे लागले, तर कुरिअर व सीमाशुल्क वेगळे धरा. यंत्रे दोनच करा आणि एकावर एक ठेवा; दोन्हींत एकाच क्षणी आलेली नोंदच खरी माना. समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो, त्याच्याशी आपली मोजणी ताडून पाहा.

अवकाश : अर्ज आधी, खरेदी नंतर
इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा ‘पोएम’ म्हणून प्रयोगांसाठी वापरला जातो. डिसेंबर 2024 च्या उड्डाणात त्यावर 24 उपकरणे होती. खासगी आणि शैक्षणिक संस्थांनी त्यासाठी ‘इन-स्पेस’ या सरकारी संस्थेकडे जायचे.

चंद्र : किलोमागे सुमारे दहा कोटी रुपये
अमेरिकेच्या अॅस्ट्रोबोटिकने पृष्ठभागापर्यंतचा दर किलोला 12 लाख डॉलर जाहीर केला होता. जानेवारी 2024 मध्ये निघालेले तिचे पेरेग्रिन यान मात्र चंद्रावर उतरू शकले नाही. चांद्रयान-3 मोहिमेचा खर्च सुमारे 615 कोटी रुपये होता आणि तिची उपकरणे एका चांद्रदिवसासाठी, म्हणजे आपल्या 14 दिवसांसाठी, आखलेली होती. म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या : वीज किती, माहिती परत पाठवण्याची सोय किती, रात्रीच्या थंडीत उपकरण तगणार का, आणि उतरणे फसले तर पैशांचे काय.

बजेट तुटपुंजे असेल, तर क्लाउड चेंबरची हौस एकदाच भागवा आणि उरलेले पैसे मोजणीच्या जोडीवर लावा. सलग वर्षभराच्या नोंदी आणि त्यांतल्या चुकांचा हिशेब जवळ असेल, तर पुढच्या पायरीवर अर्ज करताना तोच सर्वांत भक्कम कागद ठरतो.