काचेच्या पट्टीवरचं करिअर

निकाल लागल्यावर एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. रसायनशास्त्रात मुलाला उत्तम गुण होते, नीटमध्ये मात्र नंबर लागला नव्हता. "मॅडम, पुन्हा वर्षभर क्लास लावू, की बीएस्सीला घालू? बीएस्सी करून पुढे काय हो?" त्यांचा आवाज कापत होता. मी टेबलाच्या खणातून एक काचेची स्लाइड काढली आणि मुलाच्या हातात दिली. त्यानं ती न सांगता कडेनं धरली. मला ते फार आवडलं.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली ठेवतात तीच ही स्लाइड, सुमारे ७५ बाय २५ मिलिमीटरची. फरक एवढाच की हिच्यावर डोळ्यांना न दिसणारा रसायनाचा थर आहे. त्या थरावर यंत्राच्या बारीक सुईनं प्रथिनांचे किंवा अँटीबॉडीजचे हजारो ठिपके उमटवतात. मग वरून रुग्णाच्या रक्तातला द्रव सोडायचा. त्यातलं काय कुठल्या ठिपक्याला चिकटलं, ते चमकणाऱ्या रंगावरून स्कॅनर सांगतो. यालाच मायक्रोॲरे म्हणतात.

२००० साली हार्वर्डमध्ये गॅविन मॅकबीथ आणि स्टुअर्ट श्रायबर यांनी एका स्लाइडवर १०,८०० ठिपके छापले. त्यातले १०,७९९ एकाच प्रथिनाचे होते आणि एकच ठिपका वेगळ्या प्रथिनाचा. तो एकुलता एक ठिपका त्यांना नेमका सापडला. मी हे विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा सगळे यंत्राबद्दल विचारतात. मला मात्र वाटतं, विचारायला हवं ते काचेबद्दल.

कारण प्रथिन नाजूक असतं. कोऱ्या काचेवर ते एकतर धुऊन जातं, नाहीतर काचेला असं चिकटतं की त्याची घडी विस्कटते आणि ते निकामी होतं. अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. तिचे दोन हात वर मोकळे राहिले तरच ती काही पकडू शकणार. उलटी चिकटली तर ती असून नसल्यासारखी. म्हणून काचेवर आधी थर द्यायचा: कधी अमिनोसिलेनचा, कधी अल्डिहाइडचा, इपॉक्सीचा, कधी नायट्रोसेल्युलोजचा. मॅकबीथ-श्रायबर यांनी अल्डिहाइडवाल्या स्लाइड वापरल्या होत्या. प्रथिनातल्या अमिनो गटांशी अल्डिहाइड स्वतःहून बंध जोडतं. ठिपके वाळू नयेत म्हणून त्यांनी द्रावणात ४० टक्के ग्लिसरॉल घातलं होतं. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावाचून प्रयोग अडला असता.

मी स्वतः एमएस्सीनंतर दोन वर्षं अशा स्लाइड केल्या. आधी काच इतकी स्वच्छ करायची की पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरून सपाट झाला पाहिजे. गोल राहिला तर कुठेतरी तेलकटपणा उरलाय, पुन्हा धुवा. मग सिलेनच्या द्रावणात बुडवायच्या, खंगाळायच्या, ओव्हनमध्ये भाजायच्या. पहिल्या जुलैत आमचा पंचवीस स्लाइडचा अख्खा बॅच पांढुरका, धुरकट निघाला. हवेतल्या ओलाव्यानं सिलेनचे रेणू काचेला धरायच्या आधी एकमेकांनाच धरून बसले होते. त्यानंतर मी रोज सकाळी आर्द्रता वहीत लिहायला लागले. ती सवय मला कुठल्याही पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आता पालकांचा प्रश्न: नोकरी कुठे? खरं सांगते, फक्त स्लाइड कोटिंगच्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्या आहेत. बहुतेक प्रयोगशाळा तयार स्लाइड विकत घेतात. पण पृष्ठभागावर प्रथिन जिवंत गुणांसह बसवणं हे कौशल्य निदान-किटच्या धंद्याचा कणा आहे. मे २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं 'कोविड कवच' ही एलायझा चाचणी तयार केली. एका खेपेला ९० नमुने तपासणारी. तिच्यात काचेऐवजी प्लास्टिकची प्लेट होती, पण तत्त्व तेच. पुण्याच्याच मायलॅबचं घरी करायचं कोविड किट २०२१ मध्ये आलं. अशा किटमधल्या नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर जी रेघ उमटते, तीही तिथे आधी बसवलेल्या अँटीबॉडीमुळे. अशा कंपन्यांत संशोधन, उत्पादन, क्वालिटी कंट्रोल आणि परवान्यांची कागदपत्रं, सगळीकडे हा हात लागतो. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका, हा वेगळा रस्ता आहे: तिथे चाचणी करायला शिकवतात, इथे चाचणी घडवायची असते.

बारावीनंतर नुसतं 'बायोटेक' हे नाव बघून धावू नका. रसायनशास्त्र घट्ट करा, जोडीला बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायॉलॉजी घ्या. आयसर पुण्यासाठी आयएटी परीक्षा आहे, बीफार्मसाठी एमएचटी-सीईटी. बीएस्सीनंतर जॅम किंवा गॅट-बी देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी मिळते. पुढे नेट-जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप मिळते (जानेवारी २०२३ पासूनचा दर). घरावर बोजा पडत नाही. मात्र चार-पाच वर्षं आणखी लागतात, हे घरात आधीच बोलून ठेवा. आयआयटी मुंबईचे प्रा. संजीव श्रीवास्तव यांचे प्रोटीन ॲरेवरचे ऑनलाइन धडे एनपीटीईएलवर आहेत. मुलाला ते बघताना कंटाळा येतो की तो रात्री जागतो, तेवढं पालकांनी पाहावं.

आणि कॉलेज निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा. प्रॅक्टिकलच्या वेळेला जाऊन प्रयोगशाळेच्या बेसिनजवळ उभे राहा. काचेची भांडी मुलं स्वतः धुतात की शिपाई, ते बघा. आकडे मुलं स्वतः वहीत उतरवतात की मागच्या वर्षीच्या जर्नलमधून, तेही बघा.

त्या आईंना मी हेच सांगितलं. दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. तीन कॉलेजं फिरून आल्या होत्या. "मॅडम, तिसऱ्या ठिकाणी मुलं स्वतः धूत होती. आणि हा तिथल्या एका मुलीला विचारत होता, थेंब टाकून बघता का म्हणून."