जपानी व्हिस्की चाखताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : आम्ही चौघं मित्र एकत्र बसून वेगवेगळ्या जपानी व्हिस्की चाखणार आहोत. त्यांच्यातला फरक ओळखायचा कसा? आणि त्या स्कॉचहून खरंच वेगळ्या असतात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मूळ विद्या स्कॉटलंडचीच. मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये तिकडे जाऊन ती शिकून आले. १९२३ मध्ये शिंजिरो तोरी यांनी क्योतोजवळ यामाझाकी डिस्टिलरीची सुरुवात केली, ती त्यांनाच हाताशी घेऊन. पुढे ताकेत्सुरूंनी १९३४ मध्ये होक्काइदोत योइची इथे स्वतःचा कारखाना काढला. तीच आजची निक्का.

वेगळेपण आलं ते व्यवहारातून. ब्लेंडसाठी स्कॉटलंडमधल्या डिस्टिलऱ्या एकमेकींना व्हिस्की देतात-घेतात. जपानच्या मोठ्या कंपन्यांत तशी देवघेव रुजली नाही. त्यामुळे हलकी, जड, धुरकट असे सगळे प्रकार प्रत्येकीला स्वतःच गाळावे लागले.

म्हणूनच सुरुवात एकाच कंपनीच्या दोन बाटल्यांनी करा : निक्काची मियागिक्यो आणि योइची. योइचीत तांब्याच्या पॉट स्टिलखाली आजही दगडी कोळसा पेटतो. तिची व्हिस्की भारदस्त, किंचित धुरकट. १९६९ मध्ये सुरू झालेल्या मियागिक्यो डिस्टिलरीत वाफेची सौम्य आच असते. तिची व्हिस्की हलकी, फळांच्या वासाची. मालक एक, पण आच बदलली, भांड्यांचा घाट बदलला की चव किती बदलते, ते इथे जिभेला थेट कळतं.

तिसरी यामाझाकी घ्या. तिच्या काही पिंपांना मिझुनारा हे जपानी ओक वापरतात. युद्धकाळात परदेशी पिंपं मिळेनाशी झाली तेव्हा हे गळकं, अवघड लाकूड कामी आलं. वर्षानुवर्षं मुरल्यावर ते चंदनासारखा गंध देतं. आपल्या नाकाला तो ओळखीचा, तेव्हा तो शोधाच.

प्रत्येकाला प्रत्येकी १५ मिलिलिटर पुरे. क्रम मियागिक्यो, यामाझाकी, योइची असा ठेवा. धुरकट आधी घेतली तर तिच्यापुढे हलकी फिकी पडते. आधी वास, मग छोटा घोट, मग थोडं पाणी घालून पुन्हा. तिखट चखणा नंतर. प्रत्येकाने आपलं मत आधी कागदावर लिहावं आणि मगच बोलावं, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचंच मत सगळ्यांचं होतं. घरी जाताना गाडी कुणीही चालवू नये.

खरेदी करताना लेबल नीट वाचा. तिथल्या उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेल्या नियमांप्रमाणे ‘जपानी व्हिस्की’ जपानमध्येच गाळलेली आणि किमान तीन वर्षं तिथेच लाकडी पिंपात मुरलेली हवी. लोकप्रिय ‘निक्का फ्रॉम द बॅरल’ या व्याख्येत बसत नाही, असं कंपनीच सांगते. ती चवदार आहे, जरूर घ्या. मात्र जपानच्या पाण्या-लाकडाची पारख करायची असेल, तर या तुलनेत तिला धरू नका.